शाख्तची हुंडी
हुंड्या वटवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की मला याल्मार शाख्त आठवतो. १९२३ ची चलनवाढ आवरण्यात वाटा असलेला हा जर्मन बँकर १९३३ साली हिटलरच्या राजवटीत पुन्हा राइशबँकेचा अध्यक्ष झाला. दहा लाख मार्क भांडवलाच्या ‘मेफो’ या नावापुरत्या कंपनीवर शस्त्र कारखानदारांनी हुंड्या काढायच्या, त्यांना हमी राइशबँकेची. अंदाजपत्रकात चकार शब्द नाही! १९३८ पर्यंत अशा बाराशे कोटी मार्कांच्या हुंड्या झाल्या. फेडीची वेळ आली तेव्हा, जानेवारी १९३९ मध्ये, शाख्तने खर्च आवरा असे लेखी बजावले. हिटलरने त्यालाच काढले. सप्टेंबरात पोलंडवर रणगाडे चालून गेले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४६ साली तो निर्दोष सुटला आणि १९७० पर्यंत जगला. कर्जाच्या कागदावर सह्या केलेल्या मला तो निकाल अजून पचलेला नाही.