क्लोद बेर्नार

क्लोद बेर्नार (१२ जुलै, इ.स. १८१३ - १० फेब्रुवारी, इ.स. १८७८) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. बाहेरची हवा, अन्न व पाणी बदलत असतानाही शरीरातील पेशींभोवतीचा द्रव जवळपास स्थिर राहतो, हा विचार त्यांनी प्रथम मांडला.

जीवन

बेर्नार यांचा जन्म व्हिलफ्रांशजवळील सें-ज्युलियां या गावी द्राक्षमळा करणाऱ्या कुटुंबात झाला. लिआँ येथे औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असताना ते नाटके लिहीत. इ.स. १८३४ मध्ये नाटककार होण्यासाठी ते पॅरिसला गेले. परंतु एका समीक्षकाच्या सल्ल्यावरून वैद्यकाकडे वळले. पुढे फ्रांस्वा माजांदी यांचे साहाय्यक व इ.स. १८५५ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी झाले.

इ.स. १८४५ मध्ये झालेल्या विवाहातील हुंड्यामुळे त्यांचे संशोधन चालू राहिले. मात्र जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना पत्नीचा तीव्र विरोध होता. अखेर दोघे विभक्त झाले.

संशोधन

यकृत साखर तयार करते व ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, हे त्यांनी दाखवले. सशाच्या मानेतील अनुकंपी चेता कापल्यास कान थंड पडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो गरम झाला. चेता रक्तवाहिन्या आकुंचित ठेवतात व त्यातून उष्णतेचे नियमन होते, हे यावरून पुढे स्पष्ट झाले.

बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र आम्लधर्मी आढळले. तृणभक्षक प्राण्यांचे मूत्र सहसा अल्कधर्मी असते. ससे उपाशी असल्याने स्वतःच्याच मांसावर जगत असावेत, असा तर्क त्यांनी केला. गवत खाऊ घातल्यावर मूत्र पुन्हा अल्कधर्मी झाले व तर्क खरा ठरला.

वारसा

इ.स. १८६५ मध्ये प्रायोगिक वैद्यकावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. मृत्यूनंतर फ्रान्सने त्यांना शासकीय अंत्यसंस्काराचा मान दिला. तेथे हा मान मिळालेले ते पहिले वैज्ञानिक होत. वॉल्टर कॅनन यांनी इ.स. १९२६ मध्ये त्यांच्या संकल्पनेचा विस्तार करून तिला होमिओस्टॅसिस (समस्थिती) हे नाव दिले.

गोंदियासारख्या जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तेव्हा भर उन्हात राबणाऱ्याचे शरीर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून व घाम गाळून सुमारे ३७ अंश राखते. घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून निघाले नाही, तर ही व्यवस्था कोलमडून उष्माघात होतो. त्यामागील कारणमीमांसेचा पाया बेर्नार यांच्या कार्यात आहे.