विस्मृतीचा शोधक : डॉ. आलोइस आल्झायमर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांतून सहज ऐकू येते. आजीने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला की नातवंडे हसतात, आणि आम्ही वडीलधारी माणसेही वयाला दोष देऊन मोकळी होतो. अशा विस्मृतीपाशी वही घेऊन बसणारा एक वैद्य जर्मनीत होऊन गेला. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आलोइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ साली वैद्यकातील पदवी संपादून ते पुढील वर्षी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांशी शांतपणे बोलावे आणि सूक्ष्मदर्शकातून मेंदूचे निरीक्षण करावे, हाच त्यांचा जीवनक्रम बनला.

१९०१ च्या आरंभी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन लहान मुले मागे राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. पतीचे नाव विचारले असता ती स्वतःचेच नाव सांगे. नुकतीच दाखविलेली वस्तू तिला क्षणात आठवेनाशी होई. आल्झायमरांनी तिची उत्तरे बारकाईने टिपून ठेवली. १९०३ साली ते फ्रँकफुर्ट सोडून गेले, तरी तिला विसरले नाहीत.

एप्रिल १९०६ मध्ये ती निवर्तली. तिचा मेंदू म्युनिकला मागवून त्यांनी रौप्यक्षारांच्या साहाय्याने तपासला. पेशींच्या बाहेर विचित्र द्रव्याचे ठिपके आणि पेशींच्या आत तंतूंची गुंतागुंत त्यांना दिसली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पण श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पुढे १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास आल्झायमरांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊ येथे त्यांचे देहावसान झाले. औगुस्टे रुग्णालयात आली तेव्हा तिचे जे वय होते, त्याच वयात, एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले.

त्यांना रोगाच्या खुणा दिसल्या त्या रुग्णाच्या मृत्यूनंतर. आज त्याच दोन खुणा, म्हणजे ॲमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिने, जिवंत माणसात शोधता येतात : मेंदूच्या विशेष छायाचित्रणात, पाठीच्या कण्यातील द्रवात आणि आता रक्तातही. विस्मृती जाणवण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे हा बिघाड सुरू झालेला असतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. २०२५ साली अमेरिकेने या रोगाच्या निदानास साहाय्यक अशा पहिल्या रक्तचाचणीस मान्यता दिली. मात्र ती लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी आहे. निरोगी माणसाने अशी चाचणी करून घ्यावी, असा सल्ला तज्ज्ञ सरसकट देत नाहीत. कारण रोग समूळ बरा करणारे औषध अजून नाही. आरंभीच्या अवस्थेत त्याची गती थोडी मंदावणारी औषधे तेवढी निघाली आहेत. उपायाविना भविष्य जाणून घ्यावे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.

एक गोष्ट मात्र आपणां सर्वांच्या हाती आहे. आजीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर हसू नये. शांतपणे उत्तर द्यावे, आणि विसरणे वाढू लागले तर तिला वेळीच वैद्याकडे न्यावे. आल्झायमरांच्या महान शोधाचा प्रारंभही एका विसराळू स्त्रीचे बोलणे आस्थेने ऐकण्यातूनच झाला होता.