स्वसंरक्षणाचे धडे देणारे लहुजी वस्ताद

आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके मूळचे रायगड जिल्ह्यातील शिरढोणचे. मात्र शस्त्रविद्येचे धडे त्यांनी गिरवले ते पुण्यात, लहुजी वस्तादांकडे. लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी मातंग कुटुंबात झाला. १८१७ मध्ये इंग्रजांशी लढताना वडील राघोजी धारातीर्थी पडले. पुढे लहुजींनी पुण्यात तालीम सुरू केली. कुस्ती, दांडपट्टा, तलवारबाजी व नेमबाजी तेथे शिकवली जाई. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या या वस्तादांकडे उच्चवर्णीय तरुणही शिकू लागले.

महात्मा जोतीराव फुले हेही त्यांचे शिष्य. फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. तिला विरोध होऊ लागताच लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अस्पृश्यांच्या मुलांनी शाळेत यावे, यासाठीही ते झटले. त्यांच्या नात्यातील मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध गाजला.

१८७९ मध्ये फडके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींचे निधन झाले. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. स्वतःचा बचाव करता येणे ही पहिली पायरी. त्या बळावर दुबळ्यांचे रक्षण करणे ही पुढची, हे त्यांनी कृतीतून दाखवले.