ज्याच्या नावाचे स्पीकर जगभर वाजतात, त्यालाच स्वतःचं नाव वापरताना अडवलं होतं

मल्टिप्लेक्सच्या पडद्यामागे बघा नाहीतर मित्राच्या सॅकला लटकणारा ब्लूटूथ स्पीकर बघा, जेबीएल ही तीन अक्षरं दिसतातच. यातल्या एल म्हणजे लान्सिंग. पण गंमत अशी की या माणसाचं जन्माचं आडनाव लान्सिंग नव्हतंच.

१४ जानेवारी १९०२ ला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जेम्स मार्टिनी जन्मला. वडील कोळसा खाणीतले इंजिनिअर, घरात भावंडांची फौज. पोराला लहानपणापासून वायरी, तारा, रेडिओ यांचं वेड. पुढं सॉल्ट लेक सिटीत त्याची गाठ केन डेकर नावाच्या माणसाशी पडली. लान्सिंगला यंत्र कळायचं, डेकरला धंदा. जोडी जमली. दोघं लॉस एंजेलिसला आले आणि १९२७ मध्ये लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास मार्टिनीचा जेम्स बुलो लान्सिंग झाला.

टायमिंग बघा. त्याच वर्षी सिनेमा बोलायला लागला. आता थिएटरला आवाज हवा होता, तोही मागच्या रांगेपर्यंत जाणारा. एमजीएम स्टुडिओचे साउंडवाले डग्लस शिअरर तेव्हाच्या थिएटर स्पीकरवर खूश नव्हते. त्यांनी नवी सिस्टीम बनवायला घेतली आणि तिचे ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, लान्सिंगच्या कंपनीनं बनवले. या शिअरर हॉर्नला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

इथून गोष्ट गुंतायला लागते.

तेव्हा अमेरिकेतल्या असंख्य थिएटरांत वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रणा होती. मक्तेदारीच्या कायद्याचा दबाव वाढला आणि १९३०च्या दशकात कंपनी या धंद्यातून बाजूला झाली. मालक गेला, पण थिएटरात बसवलेली यंत्रं तिथंच राहिली. ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? सुटे भाग कुठून आणणार? तिथल्याच इंजिनिअर मंडळींनी अल्टेक ही सर्व्हिस कंपनी काढली आणि थिएटरवाल्यांची सोय लागली. पण सर्व्हिस करायची तर भाग बनवणारा कारखानाही हाताशी हवा.

तो त्यांना लान्सिंगकडं सापडला. १९३९ मध्ये डेकर विमान अपघातात गेला होता आणि हिशेब सांभाळणाराच गेल्यावर कंपनीची घडी विस्कटली होती. डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेकनं ५० हजार डॉलरला कंपनी विकत घेतली. नवी कंपनी अल्टेक लान्सिंग. आपला गडी तिथं इंजिनिअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट झाला. या काळात थिएटरांसाठी बनलेली व्हॉइस ऑफ द थिएटर ही मालिका पुढं कित्येक वर्षं चालली.

पाच वर्षांचा करार संपला तसा १९४६ मध्ये तो बाहेर पडला आणि लान्सिंग साउंड ही स्वतःची कंपनी काढली. अल्टेकनं लगेच हरकत घेतली. कंपनीबरोबर लान्सिंग हे नावही आमच्याकडं आलंय, असा त्यांचा मुद्दा होता. खरं सांगायचं तर तो अगदीच फालतू नव्हता. पहिला स्पीकर डी१०१ अल्टेकच्या मॉडेलची जवळपास नक्कल होता. बाजारात दोन लान्सिंग, दोघांचा माल सारखा दिसणारा. गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं? शेवटी नाव लांबवून जेम्स बी. लान्सिंग साउंड केलं.

मग १९४७ मध्ये डी१३० आला. १५ इंची स्पीकर, त्यात ४ इंची व्हॉइस कॉइल. एवढी मोठी कॉइल तेव्हा वेगळीच गोष्ट होती. हा माल पुढं अनेक वर्षं विकला गेला, फेंडरच्या गिटार अँपमध्येही बसला. पण यंत्र बनवणं आणि कंपनी चालवणं यात फरक असतो. डेकर आता नव्हता. मार्क्वार्ट या विमान क्षेत्रातल्या कंपनीनं पैसा घातला होता, पण १९४९ मध्ये तिचीच मालकी बदलली. कर्ज वाढत गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, लान्सिंगनं आयुष्य संपवलं.

कंपनीला त्याच्या विम्याचे १० हजार डॉलर मिळाले. मार्क्वार्टकडून आलेल्या विल्यम थॉमसनं त्याच पैशावर कारभार सावरला आणि पुढं लान्सिंगच्या पत्नीचा हिस्सा विकत घेऊन पूर्ण मालकी मिळवली. कंपनी पुन्हा उभी राहिली तसा अल्टेकनं नावाचा वाद परत उकरला. मग १९५०च्या दशकात मालावरचं नाव आखडून फक्त जेबीएल राहिलं. म्हणजे आज जगभर ओळखली जाणारी ही तीन अक्षरं नावाच्या भांडणातून आलीत.

१९६९ मध्ये थॉमसनं कंपनी सिडनी हार्मन यांच्या कंपनीला विकली. २०१७ मध्ये हार्मन सॅमसंगकडं गेली. आणि कॉम्प्युटरला जोडायचे अल्टेक लान्सिंगचे ते छोटे स्पीकर आठवतायत? त्यातला लान्सिंगही हाच.