शेठ प्रेमचंद रायचंद : बातमी गाठणारा माणूस

हल्ली कुठल्याही सेमिनारला जा, रिअल टाइम डेटा हा शब्द कानावर पडल्याशिवाय राहत नाही. डेटा येतो त्याच क्षणी तो तपासायचा आणि लगेच निर्णय घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. आपण कार्ड स्वाइप केलं की दोन सेकंदांत व्यवहार खरा की खोटा हे बँकेचं मशीन ठरवतं. दिवाळीत घरी जायचं तिकीट तासातासाला महाग होतं, तेही यामुळेच. हे सगळं कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं असं आपल्याला वाटतं. मला मात्र यातला पहिला माणूस भेटला तो थेट १८६० च्या मुंबईत! तेव्हा वीज नव्हती, फोन नव्हता आणि विलायतेपर्यंत तारही नव्हती. त्या माणसाचं नाव शेठ प्रेमचंद रायचंद. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर सीनियर मंडळींनी सांभाळून घ्यावं.)

प्रेमचंद मूळचे सुरतचे. घराणं जैन, वडील रायचंद दीपचंद व्यापारी. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रेमचंदांचा जन्म झाला आणि ते लहान असतानाच हे कुटुंब मुंबईला आलं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं शिक्षण झालं. त्या काळच्या दलालांमध्ये इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारे ते पहिलेच, असं सांगतात. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा बँकांचे मॅनेजर इंग्रज आणि दलाल देशी. मधला दुभाषी गेला की एक टप्पा कमी होतो, म्हणजे बातमी तेवढी लवकर आणि न बिघडता पोचते. आपल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी कमी झाली! प्रेमचंदांचा पहिला फायदा हाच होता.

त्यांनी रतनचंद लाला या दलालाच्या हाताखाली कामाला सुरुवात केली. तेव्हा शेअर बाजाराला इमारत नव्हती. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे आणि तिथेच सौदे व्हायचे. प्रेमचंदांची स्मरणशक्ती अफाट होती. सौदे कागदावर टिपून न घेता ते डोक्यात ठेवायचे, अशी त्यांची ख्याती होती. काही वर्षांतच शेअर, कापूस आणि सोनं-चांदी या तिन्ही बाजारांत त्यांचं नाव झालं.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि बाजाराचा नूरच पालटला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसावर चालत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तो कापूस बंद झाला. मग गिरणीवाल्यांची नजर वळली हिंदुस्थानकडे. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून धो धो जाऊ लागला आणि भाव कित्येक पटींनी चढले.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. भाव ठरायचा लिव्हरपूलला आणि माल होता मुंबईत. मध्ये समुद्र. टपाल बोटीने, सुएझच्या जमिनीवरून आणि परत बोटीने यायचं, त्याला साधारण महिना लागायचा. म्हणजे मुंबईचा अख्खा बाजार महिन्याभरापूर्वीच्या भावावर चालायचा. डेटा सगळ्यांचाच शिळा होता, पण एकसारखा शिळा. अशा वेळी जो इतरांपेक्षा दोन तास आधी कळवून घेईल तो जिंकला. प्रेमचंदांनी काय केलं? बोट धक्क्याला लागायची ते वाटच बघत नसत. त्यांची माणसं छोट्या वेगवान होड्या घेऊन भर समुद्रात जायची, आगबोट गाठायची, विलायतेचे भाव घ्यायची आणि बोट बंदरात येण्याआधी शेठजींकडे हजर व्हायची, असं सांगितलं जातं. बाकीचे व्यापारी टपाल फोडेपर्यंत प्रेमचंदांची खरेदी किंवा विक्री उरकलेली असायची.

हे वाचून मी थक्क झालो. कारण आजही तेच चालू आहे. मोठमोठ्या ट्रेडिंग कंपन्या एक्सचेंजच्या सर्व्हरशेजारीच आपला सर्व्हर ठेवायला भाडं मोजतात. का, तर मायक्रोसेकंद वाचावेत म्हणून! ही प्रेमचंदांची होडीच नाही का?

लढाईच्या चार वर्षांत मुंबईत पैशांचा पूर आला. एवढ्या पैशांचं करायचं काय? मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ जमिनीच्या कंपन्या झाल्या होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी, समुद्र हटवून जमीन करायची कंपनी. तिच्यामागे प्रेमचंदांचाच मोठा हात होता. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. दलाल, कारकून, वकील, दुकानदार, सगळेच शेअर घेऊ लागले. इतिहासात या काळाला शेअर मॅनिया असंच नाव पडलंय. प्रेमचंद या सगळ्याचे राजे. त्यांनी शिफारस केली की बँक कर्ज द्यायची. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा याला अपवाद नव्हती. १८६३ च्या कायद्याने या बँकेला कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली आणि तिथेच माशी शिंकली.

थर्ड इयरला कंट्रोल सिस्टीम असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. शेअर तारण ठेवला की कर्ज मिळतं. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जातात. त्यामुळे शेअर चढतो. चढलेल्या शेअरवर आणखी कर्ज मिळतं. हा शुद्ध पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. आउटपुटच परत इनपुटला जोडलंय आणि मध्ये ब्रेक कुठेच नाही. अशी सिस्टीम एक तर वर पळते किंवा खाली कोसळते, मध्ये स्थिर राहत नाही. हे आपण वहीत लिहितो, मुंबईने ते भोगलं.

१८६४ च्या उत्तरार्धात लढाई थांबणार अशा नुसत्या अफवांनीही भाव हलत होते, म्हणजे इशारा मिळत होता. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस गडगडला. गंमत बघा, त्याच वर्षाच्या सुरुवातीला इराणच्या आखातातून विलायतेपर्यंत तारेची लाइन सुरू झाली होती. म्हणजे मुंबईला वेगवान बातमी मिळू लागली नेमकी तेव्हाच, जेव्हा बातमी वाईट होती. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी देणेकरी सगळे आणि पैसेवाला कोणीच नाही, अशी अवस्था झाली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली, चौकशी कमिशन बसलं आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. ती नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली. म्हणजे आपल्यातले बरेच जण जिथे फीचं चलन भरतात, तिच्या वंशावळीत ही बुडीत बँक आहे! प्रेमचंदही कोट्यवधींच्या देण्यात बुडाले.

मला पडलेला प्रश्न असा, की ज्या माणसाला बातमी सगळ्यांच्या आधी कळायची तो बुडाला कसा? मला जे उत्तर सुचलं ते असं. प्रेमचंदांनी एकच आकडा वेगाने मोजला, तो म्हणजे भाव. पण एकाच शेअरवर किती बँकांनी कर्ज दिलंय, उद्या सगळे एकदम विकायला निघाले तर घ्यायला कोण आहे, हे आकडे कोणाच्याच वहीत एकत्र नव्हते. प्रत्येक बँकेला आपापलं कर्ज माहीत होतं, एकूण कोणालाच माहीत नव्हतं. वेगवान डेटा म्हणजे पुरा डेटा नव्हे. शिवाय भाव चढत असताना प्रत्येक नवी बातमी आधीचा निर्णय बरोबरच होता असं सांगत असते, त्यामुळे थांबावंसं वाटतच नाही.

या कोसळण्याचा फटका शेठ लोकांपुरता राहिला नाही. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार सहज कर्ज देत होता. भाव पडल्यावर ते कर्ज मिळायचं थांबलं, मागचं वसूल होऊ लागलं, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. आणि त्याच वर्षी ९ जुलैला मुंबईत दलालांनी आपली संघटना स्थापन केली, जिला आपण आज बीएसई म्हणतो. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते! एकाच साली एकीकडे वह्या जळल्या आणि दुसरीकडे वह्यांना नियम आले. मला हा योगायोग फार बोलका वाटतो.

आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाकडे होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला होता आणि १८६० मध्ये परत निजामाला मिळाला, म्हणजे तेजी सुरू व्हायच्या अगदी तोंडावर. पण बाजार सरहद्द मानत नाही. शेजारची बार्शी ही कापूस आणि तेलबियांची मोठी पेठ होती आणि तिचा व्यापार मुंबईशी चालायचा. लिव्हरपूलचा भाव मुंबईत, मुंबईचा बार्शीत आणि बार्शीचा बालाघाटावरच्या गावात, असा तो झिरपत यायचा. सगळ्यात शेवटी कळायचं ते ज्याने पिकवलं त्याला.

आता मोबाईल आहे, तर हे बदललं का? अर्धं बदललं. आपल्या भागात कापसाची जागा सोयाबीनने घेतली आणि लिव्हरपूलची जागा लातूरने. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. माझ्या मामांना तो भाव त्याच मिनिटाला मोबाईलवर दिसला. पण घरात विकायला एक पोतं नव्हतं, पीक रानात उभं होतं. सप्टेंबरच्या शेवटी तेरणा-मांजराला पूर आला आणि नवा माल बाजारात गेला तेव्हा भाव निम्म्याच्या आसपास. त्याच डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनचे वायदेही थांबवले. भाव कळणं आणि त्या भावाचा उपयोग करता येणं, यात गोदाम, पैसा आणि थांबायची ताकद एवढं अंतर आहे. प्रेमचंदांकडे होडी होती आणि मालही होता. मामांकडे नुसतीच होडी.

प्रेमचंद खचले मात्र नाहीत. धंदा पुन्हा उभा केला आणि बाजारात मानाने राहिले. भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले होते. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. तोच राजाबाई टॉवर. काम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं. उंची २८० फूट. आई दृष्टिहीन होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून हे टोले, अशी आख्यायिका आहे. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी देणगी दिली. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप शिवचरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार यांनाही मिळाली होती. भायखळ्याचा त्यांचा बंगला पुढे एका कॉन्व्हेंटकडे गेला. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले.

बातमी आपल्यालाच आधी कळावी म्हणून ज्याने समुद्रात होड्या घातल्या, त्याचीच आठवण राहिली ती सगळ्या शहराला एकाच वेळी एकच वेळ सांगणाऱ्या घड्याळाने. मला यातून आपल्यासाठी एक काम दिसतं. फायनल इयरला बाजारभावाचं अ‍ॅप करणारे ग्रुप दरवर्षी निघतात. त्यांना एवढीच विनंती, की नुसता भाव दाखवू नका. तो किती वाजताचा आहे, आवक किती आहे, जवळच्या गोदामात जागा आहे का, गोदामाच्या पावतीवर कर्ज कुठे मिळेल, हेही त्याच स्क्रीनवर द्या. वेग वाढवायला मोठ्या कंपन्या समर्थ आहेत. डेटा पुरा करायचं काम इथल्या, बालाघाटावरच्या पोरापोरींनीच करायचं आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी