स्वतःच्याच डोळ्याची लांबी मोजणारा डॉक्टर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की आधी डोळ्याचे माप घेतले जाते. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापासून, म्हणजे कॉर्नियापासून, आतल्या दृष्टिपटलापर्यंतचे अंतर त्यात मोजतात. आज हे काम काही मिनिटांत होते. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका तरुण डॉक्टरने हेच अंतर चक्क कर्कटक लावून मोजले होते, तेही स्वतःच्या डोळ्यावर. त्याचे नाव थॉमस यंग.

यंगचा जन्म १३ जून १७७३ रोजी सॉमरसेट परगण्यातील मिल्व्हर्टन येथे झाला. दहा भावंडांत तो थोरला. दुसऱ्या वर्षीच त्याला वाचता येऊ लागले होते. पुढे लंडन, एडिनबरा, गॉटिंगेन आणि केंब्रिज येथे त्याने शिक्षण घेतले.

विद्यार्थिदशेतच त्याने एका जुन्या कोड्यात हात घातला. आपण दूरचे झाड पाहतो आणि लगेच हातातले पुस्तकही वाचतो, तेव्हा डोळ्यात नेमके काय बदलते? बैलाचा डोळा कापून पाहिल्यावर आतल्या भिंगाचा आकार बदलत असावा, असे त्याने मांडले. १७९३ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या २१ व्या वर्षी, तो सोसायटीचा सदस्य झाला. पण लवकरच एव्हरार्ड होम आणि जेसी रॅम्सडेन यांनी वेगळा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते कॉर्नियाची वक्रता बदलते आणि डोळाही लांबतो. यंगने आपले मत मागे घेतले.

प्रश्न मात्र त्याने सोडला नाही. डोळा लांबतो की नाही हे ठरवायचे तर आधी त्याची लांबी कळायला हवी होती. यंगचे डोळे थोडे पुढे आलेले होते, त्याचा त्याने उपयोग केला. डोळा नाकाच्या दिशेने शक्य तितका वळवून त्याने कर्कटकाचे एक टोक बाहेरच्या कोपऱ्यातून डोळ्याच्या मागच्या बाजूला नेले आणि दुसरे समोर कॉर्नियाशी धरले. मागे दाब पडला की त्या जागी प्रकाशाचा ठिपका दिसतो. तो ठिपका नजरेच्या मध्याशी आला की टोक योग्य जागी आहे, हे त्याला कळे. आवरणांची जाडी वजा करून त्याला मिळालेली लांबी होती इंचाचे ९१ शतांश, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर. सर्वसाधारण डोळ्यासाठी आजही हाच आकडा येतो. (हा प्रयोग कुणीही करून पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.)

मग डोळा असाच पुढून-मागून दाबून धरून त्याने जवळ आणि दूर पाहिले. डोळा लांबत असता तर मागचा दाब वाढून तो ठिपका मोठा झाला असता. तो बदलला नाही. पुढे त्याने डोळ्यासमोर पाणी भरलेली नळी धरून कॉर्नियाचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरी जवळ-दूर पाहण्याची क्षमता टिकली. उरले फक्त भिंग. नोव्हेंबर १८०० मध्ये त्याने हे सगळे रॉयल सोसायटीपुढे ठेवले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. याच मोजमापांत त्याला आपल्या डोळ्याची आडवी आणि उभी ताकद सारखी नसल्याचे आढळले. आज चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’चा नंबर लिहितात तो याच दोषासाठी.

पुढे प्रकाश लहरींसारखा वागतो हे त्याने दाखवले आणि रोझेटा शिलालेखाच्या वाचनालाही हातभार लावला. १० मे १८२९ रोजी, ५५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

डोळ्याच्या लांबीला खरी किंमत आली ती कृत्रिम भिंगामुळे. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले भिंग बसवले, पण त्याची ताकद फार जास्त ठरली आणि रुग्णाला उणे १८ च्या आसपास नंबर आला. भिंगाची ताकद अचूक काढायची तर कॉर्नियाची वक्रता आणि डोळ्याची लांबी दोन्ही हवीत. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो.

ही लांबी १९५० च्या दशकानंतर अल्ट्रासाउंडने मोजता येऊ लागली. ध्वनिलहर डोळ्यातील द्रवातून सेकंदाला सुमारे १५३२ मीटर आणि भिंगातून सुमारे १६४१ मीटर वेगाने जाते. दृष्टिपटलावरून प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. प्रोब कॉर्नियावर जोरात टेकला तर डोळा किंचित दबतो आणि माप कमी येते. म्हणून काही ठिकाणी मध्ये द्रव ठेवून, प्रोबचा कॉर्नियाला स्पर्श न होऊ देता मोजतात.

आता बहुतेक ठिकाणी प्रकाशाने मोजणारी यंत्रे आहेत. त्यांतील अनेक यंत्रे यंगनेच उलगडलेल्या, प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याच्या तत्त्वावर चालतात. मात्र मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आत पोहोचत नाही आणि तेथे अल्ट्रासाउंडच कामी येतो. त्यामुळे माप घेताना कंटाळू नका, समोर दाखवलेल्या खुणेकडे स्थिर पाहा आणि तंत्रज्ञाने पुन्हा मोजू म्हटले तर मोजू द्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीपूर्वी किती दिवस ती बंद ठेवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा.