सहा ताऱ्यांमागचा माणूस

नगरच्या रणगाडा संग्रहालयात शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही एकदा तरी गेला असालच. तिथे पॅटन बघायची सगळ्यांनाच घाई असते. त्या नादात त्याच आवारातले जपानी रणगाडे बऱ्याचदा नजरेतून सुटतात. ते ज्या युद्धातले, त्याच युद्धात जपानसाठी हजारोंनी विमानं बनवणारा एक कारखानदार होता. त्याच्या विमानांतलं क्वचितच एखादं आज शिल्लक आहे. पण त्याच्या कारखान्याचं पुढे जे झालं, ते तुमच्यातल्या गाडीवेड्यांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर असतं. निळा रंग, सोनेरी चाकं, मागे उडणारा चिखल. सुबारू!

त्या माणसाचं नाव चिकुहेई नाकाजिमा. गंमत म्हणजे सुबारू हा शब्द त्याने कधी एखाद्या गाडीवर पाहिला नाही. पहिली सुबारू रस्त्यावर येण्याआधीच तो गेला होता.

नाकाजिमाचा जन्म १८८४ चा. जपानमधल्या गुन्मा प्रांतात, तोने नदीच्या काठचं शेतकरी कुटुंब. रेशीमकिडे पाळणं हा त्या भागातला जोडधंदा. थोरला मुलगा म्हणून शेती त्याच्याच गळ्यात पडणार होती, पण पोराच्या डोक्यात लष्कर शिरलेलं. मग वडिलांचे काही पैसे उचलले, मागे चिठ्ठी ठेवली आणि स्वारी टोकियोला पळाली, अशी गोष्ट सांगतात. तिथे अभ्यास करून तो नौदलाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिरला आणि १९०७ मध्ये वरच्या क्रमांकाने बाहेर पडला.

राइट बंधूंचं विमान उडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. नाकाजिमा १९१० मध्ये फ्रान्समध्ये विमानं बघून आला. १९१२ मध्ये नौदलाने त्याला अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांच्याकडे पाठवलं. विमानाची बांधणी आणि देखभाल शिकून ये, एवढंच काम होतं. याने तिथे उडवण्याचंही लायसन्स काढलं. वरिष्ठांना हे फारसं रुचलं नाही. सिलॅबसबाहेरचं शिकून आलेल्या पोराकडे मास्तर जसे बघतात, तसंच काहीसं.

१९१७ मध्ये तेहतिसाव्या वर्षी त्याने नौदलाची नोकरी सोडली. निरोपाच्या पत्रात त्याने मांडलेला हिशोब आजही वाचण्यासारखा आहे. जपान गरीब देश आहे, मोठमोठ्या युद्धनौकांच्या शर्यतीत तो टिकणार नाही. एका युद्धनौकेच्या खर्चात हजारो विमानं होतील. आणि ही विमानं सरकारी खात्याने बनवून चालणार नाही, कारण तिथे बजेट वर्षातून एकदा मंजूर होतं. खासगी कारखाना मात्र चुकलेलं डिझाइन पुढच्याच महिन्यात दुरुस्त करू शकतो. स्टार्टअपवाले हल्ली जे सांगतात, ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

ऑफिस कुठलं, तर गावाकडची रेशीमकिडे पाळायची शेड. सोबतीला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. वर्षअखेरीस हे बिऱ्हाड जवळच्या ओता गावात हललं आणि विमान संशोधनाची पाटी लागली.

विमानं मात्र उडेनात! पहिलं कोसळलं. दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपघात. तेव्हा जपानमध्ये तांदळाचे भाव गगनाला भिडले होते, दंगली होत होत्या. लोकांनी चेष्टेचं गाणंच केलं. त्याचा सूर असा, की देशात सगळं वर चाललंय, फक्त नाकाजिमाचं विमान तेवढं वर जात नाही. आज असं मीम झालं तर आपण इन्स्टा डिलीट करू. नाकाजिमाने चौथं मॉडेल केलं. १९१९ मध्ये ते नीट उडालं, आणि त्याच वर्षी टोकियो ते ओसाका टपाल नेण्याच्या स्पर्धेत पहिलं आलं. लष्कराची ऑर्डर आली आणि गाडी रुळावर आली.

पुढची पंचवीस वर्षं भराभर सांगतो, कारण ती नुसत्या वाढीची आहेत. बाहेरची इंजिनं परवान्यावर बनवता बनवता कंपनी स्वतःची बनवू लागली. मित्सुबिशीने डिझाइन केलेल्या प्रसिद्ध झिरो विमानात नाकाजिमाचं इंजिन बसलं, आणि झिरोंची संख्याही मित्सुबिशीपेक्षा नाकाजिमाच्याच कारखान्यांत जास्त बनली. नाकाजिमा स्वतः १९३० मध्ये खासदार झाला, १९३७ मध्ये रेल्वेमंत्री. युद्ध संपेपर्यंत कंपनीने सुमारे २६ हजार विमानं बनवली होती.

इथे जरा थांबायला हवं. कारण ही सगळी यशोगाथा वाचताना ती विमानं काय करत होती हे विसरून चालत नाही. पर्ल हार्बरवर टॉर्पेडो टाकणारी विमानं नाकाजिमाच्या डिझाइनची. एप्रिल १९४२ मध्ये तीच आपल्या किनाऱ्यावर आली आणि विशाखापट्टणम, काकीनाडावर बॉम्ब पडले. विशाखापट्टणमला तेव्हा सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं जहाजबांधणीचं यार्ड उभं राहत होतं. योगायोग बघा. वालचंदांनीही १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, १९४४ मध्ये कुर्ल्याला मोटारींचा. दोन आशियाई कारखानदार, एकाच काळातले, जवळपास सारखीच स्वप्नं. एकाच्या विमानांनी दुसऱ्याच्या बंदरावर बॉम्ब टाकले.

नाकाजिमाला पुढचं दिसत नव्हतं, असंही नाही. अमेरिकेच्या कारखान्यांची ताकद त्याने डोळ्यांनी पाहिली होती. युद्ध लांबलं तर जपान चिरडला जाईल, हे तो ओळखून होता. पण त्यावर त्याने काढलेला उपाय युद्ध थांबवण्याचा नव्हता. सहा इंजिनांचं महाकाय विमान बनवायचं, पॅसिफिक ओलांडून थेट अमेरिकेवर बॉम्ब टाकायचे! १९४४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला, एक विमानही पूर्ण झालं नाही. हुशार माणसाची हुशारी कुठे वाहवत जाते, याचा यापेक्षा ठळक नमुना मला तरी माहीत नाही.

शेवटी बॉम्ब त्याच्याच कारखान्यांवर पडले. नोव्हेंबर १९४४ मध्ये बी-२९ विमानं टोकियोवर आली, तेव्हा लक्ष्य होतं नाकाजिमाचा मुसाशिनोचा इंजिन कारखाना. फेब्रुवारी १९४५ मध्ये ओताचा नंबर लागला. ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. नाकाजिमा पुन्हा काही आठवडे मंत्री झाला आणि त्यानंतर युद्धगुन्ह्यांचा संशयित. आजारी असल्यामुळे त्याला तुरुंगाऐवजी घरातच नजरकैदेत ठेवलं. १९४७ मध्ये सुटका झाली. २९ ऑक्टोबर १९४९ ला, पासष्टाव्या वर्षी, तो गेला.

विजेत्या राष्ट्रांनी जपानला विमान बनवायलाच बंदी घातली होती. म्हणजे विचार करा, विमानाशिवाय दुसरं काही न शिकलेले हजारो इंजिनीअर आणि कामगार, आणि तेच काम बेकायदा! मग हाताला लागेल ते सुरू झालं. बॉम्बफेकी विमानांच्या शेपटीकडची छोटी चाकं गोदामात पडून होती. ती लावून १९४६ मध्ये स्कूटर तयार झाली. नाव रॅबिट. विमानाचा सांगाडा बनवायची पद्धत वापरून बस बनल्या. कंपनीचे तुकडे पाडले गेले. त्यातल्या पाच तुकड्यांनी १९५३ मध्ये एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली. प्रमुख केंजी किता यांनी गाडीसाठी नाव निवडलं सुबारू, म्हणजे आपल्या कृत्तिका. डिसेंबरात भंडारदऱ्याला कॅम्पला गेलात तर रात्री मान वर करून बघा. साध्या डोळ्यांना साधारण सहा तारे दिसतात. सुबारूच्या लोगोतही सहाच आहेत, पाच छोटे आणि त्या पाचांतून झालेला एक मोठा.

१९५८ मध्ये सुबारू ३६० आली. विमानाच्या इंजिनांवर काम केलेल्या शिनरोकु मोमोसे यांनी ती डिझाइन केली. वजन चारशे किलोच्या आत, तरी चार माणसं बसत. ग्रॅम ग्रॅम वजन वाचवायची ही सवय कुठून आली, हे वेगळं सांगायला नको.

पुढे १९६६ च्या सुबारू १००० मध्ये बॉक्सर इंजिन आलं. यातले पिस्टन वर-खाली होत नाहीत. इंजिन आडवं निजलेलं आणि पिस्टन डावी-उजवीकडे, समोरासमोरच्या बॉक्सरच्या ठोशांसारखे. त्यामुळे वजन जमिनीलगत राहतं, गाडी वळणावर कमी कलते. हे इंजिन नाकाजिमाच्या विमानांतून थेट आलं, असं रील्समध्ये सांगतात. त्यात तथ्य नाही. त्याची गाजलेली इंजिनं गोलाकार होती, सिलिंडर चांदणीसारखे पसरलेले. विमानातून आली ती वजन आणि तोल यांची खोड. तिचा आणखी एक फायदा झाला, जो तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसावा. इंजिन आणि त्याच्यामागे गिअरबॉक्स गाडीच्या बरोबर मधोमध, एका रेषेत आले. म्हणजे मागच्या चाकांनाही ताकद द्यायची, तर तिथून फक्त एक शाफ्ट सरळ मागे न्यायचा.

ही गरज दाखवली कोणी, तर वायरमननी! अकोल्याच्या डोंगरात ऐन पावसाळ्यात लाइन दुरुस्त करायला जाणारे आपले वायरमन डोळ्यांसमोर आणा आणि पावसाच्या जागी छातीभर बर्फ ठेवा. तोहोकु इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीची माणसं अशा बर्फातून जीप घेऊन जात. जीप चढायची बरोबर, पण आत गारठून जायला व्हायचं आणि हाडं खिळखिळी व्हायची. त्या काळी जपानमध्ये मित्सुबिशी परवान्यावर विलीज जीप बनवायची, आणि इकडे महिंद्राही. म्हणजे जपानी जीप आणि पाथर्डी-शेवगावकडे धावलेली आपली काळी-पिवळी, या चुलत बहिणीच. काळी-पिवळीत मागच्या फाळक्याजवळ बसून प्रवास केला असेल, तर त्या वायरमनची तक्रार तुम्हाला लगेच कळेल.

त्यांनी सुबारूच्या मियागीतल्या डीलरला विचारलं, जीपसारखी चढेल पण कारसारखी उबदार असेल, अशी गाडी मिळेल का? डीलरच्या वर्कशॉपने सुबारूची एक छोटी गाडी घेतली, निसानच्या ब्लूबर्डचा मागचा अ‍ॅक्सल जोडला आणि चारही चाकं फिरवून दाखवली. कंपनीने ते काम हातात घेतलं आणि १९७२ मध्ये लिओनी ही चारचाकी ताकदीची घरगुती गाडी बाजारात आणली. तोवर असल्या गाड्या म्हणजे लष्कर आणि शेतं. नगरच्या व्हीआरडीईमध्ये ज्या गाड्यांचा कस लागतो, त्या जातीच्या. ही मात्र शाळेत मुलांना सोडायला नेता येत होती.

साध्या गाडीत दोनच चाकं ओढतात. ती चिखलात घसरली की बाकीची दोन नुसती प्रेक्षक. चारही ओढत असली तर एका चाकाची चूक बाकीची तीन सावरून घेतात. सुबारूचं आकर्षण आहे ते याच्यात. रॅलीत खडी, बर्फ, चिखल सगळं एकाच दिवशी भेटतं. तिथे इम्प्रेझाने कॉलिन मॅक्रेला १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्सला २००१ मध्ये आणि पेटर सोलबर्गला २००३ मध्ये जगज्जेता केलं. भारतात सुबारू त्या नावाने आलीच नाही, पण एक गाडी वेशांतर करून आली होती. जनरल मोटर्सची कंपनीत भागीदारी असताना सुबारूची फॉरेस्टर इथे शेव्हरोलेचा बिल्ला लावून विकली गेली. सेकंडहँड बाजारात अजून एखादी दिसते. दिसली तर बॉनेट उघडून आडवं इंजिन बघून घ्या.

२०१७ मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीजने स्वतःचं नाव बदलून सुबारू कॉर्पोरेशन केलं. त्या रेशीमकिड्यांच्या शेडला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. ओताचा कारखाना आजही चालू आहे आणि तो ज्या भागात आहे, त्या भागाचं नावच सुबारू. तिथून जवळ, तोने नदीच्या बाजूला, एक मोठी जपानी वाडी आहे. पोरगा पैसे घेऊन पळाला होता, त्याने १९३० मध्ये आईवडिलांसाठी ती बांधली. सरकारने आता तिला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिलाय आणि लोकांना आत जाऊन बघता येते.